नांदगांव संस्थानचीं टपालतिकिटें : रंगछटा व आवृत्तिनिर्णय

गेल्या मार्गशीर्षांत आमगांवच्या बाजूच्या एका जुन्या मालगुजारी घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला. दप्तर म्हणजे तीन रुमाल. दोहोंत वहिवाटीचे कागद, पावत्या आणि खटल्यांच्या नकला. तिसऱ्यांत एक लहानशी वही. तिच्या पानांवर खळीनें चिकटविलेलीं टपालतिकिटें होतीं. बहुतेक राणीच्या व बादशहाच्या मुखवट्याचीं, घरोघर सांपडतात तशीं. पण शेवटच्या दोन पानांवरील नऊ तिकिटें निराळीं होतीं. त्यांच्या कडांना दांते नव्हते, तीं कात्रीनें कापलेलीं होतीं, त्यांवरील अक्षरें देवनागरी होतीं, व पांचांवर जांभळ्या शाईचा लंबवर्तुळाकार शिक्का होता. सात हिरवीं, दोन गुलाबी. हिरव्यांच्या खालीं कोणीं तरी पेन्सिलीनें लिहून ठेविलें होतें : पहिली छपाई, दुसरी छपाई, तिसरी छपाई. सर्वांत गडद तें पहिलें, सर्वांत फिकें तें शेवटचें, असा क्रम होता. यजमानांनीं विचारिलें, "गुरुजी, हें खरें मानावें काय? एक दुकानदार पहिल्या छपाईचे निराळे दाम देऊं म्हणतो. वहींतून काढून द्यावयाचीं झालीं तर चैत्रापूर्वीं द्यावीं लागतील. घराचें छप्पर बदलावयाचें आहे."

आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. वही महिनाभर मागून आणिली. न बोलण्यास कारण होतें, व तें आम्हांस फारसें भूषणावह नाहीं. पुढें ओघानें तें सांगूं. टपालतिकिटें हा विषय पोथ्या, सनदा व बखरी जमविणाऱ्या वाचकांस पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु तिकीट हाही एक मुद्रित लेख आहे, आणि त्याची आवृत्ति ठरविण्याचे नियम पोथीच्या चिकित्सेहून फारसे निराळे नाहींत, असें आम्हांस आढळून आलें.

प्रथम हीं तिकिटें कोठलीं तें सांगितलें पाहिजे. हें नांदगांव नाशिक जिल्ह्यांतील नव्हे. ज्यास आज राजनांदगांव म्हणतात व जें छत्तीसगड राज्यांत मोडतें तें हें. गोंदियाहून पूर्वेस जाणारी आगगाडी आमगांव व सालेकसा मागें टाकून दरेकशाच्या बोगद्यांतून बाहेर पडली म्हणजे डोंगरगड लागतें, व त्यापुढें राजनांदगांव. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतून निराळा झाला, त्याच्या कितीतरी आधींपासून या दोन्ही बाजूंच्या लोकांचा बाजार, सोयरीक व यात्रा एकच आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे अरुंद रूळ १८८० नंतर लवकरच तिकडे पोंचले, आणि १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें ते रुंद केले. तेव्हां नांदगांवचीं तिकिटें आमगांवच्या दप्तरांत निघावीं यांत नवल नाहीं.

संस्थानचे राजे बैरागी महंत होते. मूळ पुरुष प्रल्हाददास हा पंजाबांतून शाली विकण्यास रतनपुरास आला. तेथें त्या वेळीं बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता. मठाची गादी गुरूकडून चेल्याकडे जावी तशी ही जमीनदारी चेल्यांकडे जात राहिली. १८६५ सालीं महंत घासीदास यांस इंग्रज सरकारनें मांडलिक राजे म्हणून मान्यता दिली. (सतनामी पंथाचे गुरु घासीदास ते हे नव्हत, नामसाम्यानें हा घोटाळा वारंवार होतो.) त्यांच्यामागून बलरामदास आले. गिरणी, आगगाडी आणि टपाल या तिन्ही नव्या गोष्टी संस्थानांत त्यांच्याच कारकीर्दींत रूढ झाल्या, व जांभळ्या शिक्क्यांतील एम्. बी. डी. हीं इंग्रजी आद्याक्षरें महंत बलरामदास यांचींच आहेत.

संस्थानची पहिली तिकिटें १८९१ सालचीं. अर्ध्या आण्याचें निळें व दोन आण्यांचें गुलाबी, दोन्ही शिळाछापाचीं. पुढें १८९३ च्या सुमारास शिळाछाप सोडून उठावाच्या ठशांनीं छपाई सुरू झाली. तीत अर्ध्या आण्याचें हिरवें झालें, दोन आण्यांचें तांबडें राहिलें, व मागाहून एक आण्याचें गुलाबी तिकीट निघालें. कोणासही दांते नाहींत व पाठीस डिंक नाहीं. कापावें आणि खळीनें चिकटवावें. ठशांच्या छपाईची मांडणी दोन प्रकारची आहे. एका मांडणींत तिकिटें परस्परांपासून बरींच दूर आहेत व मधली जागा कोरी आहे. दुसरींत तीं जवळ जवळ बसविलीं आहेत व मधल्या जागेंत नागमोडी रेषा छापल्या आहेत. एक आण्याचें तिकीट या दुसऱ्या मांडणींतलें. त्याच्या कांहीं प्रति अशा कागदावर आहेत कीं जो उजेडासमोर धरला असतां त्यांत समांतर रेषांची वीण दिसते.

आतां रंगाकडे वळूं. आम्ही गोंदियास शिकवीत असतांना मुलांमध्यें बिडीच्या कट्ट्यांवरील लेबलें जमविण्याचें वेड होतें. हा तेंदूपानांचा मुलूख. कारखाने गल्लोगल्लीं, आणि प्रत्येकाचें लेबल निराळें. एका विद्यार्थ्यानें एकाच छापाचीं बावीस लेबलें केशरीपासून विटकरीपर्यंत ओळीनें लावून, या बावीस आवृत्त्या आहेत, म्हणून आम्हांस दाखविलीं. आम्हांस तें पटलें व आम्हीं भर वर्गांत त्याची वाखाणणी केली. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. ते त्याच कारखान्यांत मुनीम होते. तीं सगळीं लेबलें एकाच गठ्ठ्यांतलीं, एकाच दिवशीं छापून आलेलीं आहेत, असें त्यांनीं हंसून सांगितलें. वरचीं खिडकींतल्या उन्हांत पडलीं होतीं, तळचीं पावसाळ्यांत भिजलीं होतीं, आणि मधलीं जशीं छापलीं तशीं राहिलीं होतीं. मुलगा हिरमुसला. आम्हींही पुष्कळ दिवस तें मनावर घेतलें नाहीं, हा दोष आमचा.

एकाच दिवसाच्या एकाच छपाईंत रंग बदलतो, हें ज्यानें हाताच्या यंत्रावर छापतांना पाहिलें आहे त्यास सांगावयास नको. शिळाछापांत दगडावर प्रत्येक ताव छापण्यापूर्वीं पाणी व मग शाईचा रूळ फिरवितात. पहिले कांहीं ताव फिके येतात, कारण दगडानें शाई धरलेली नसते. मग रंग भरतो. पाणी कमी पडलें कीं रेषा मातकट होतात. आणि शाई संपत आली कीं पुन्हां फिकेपणा येतो. दुपारीं नवी शाई घोटली म्हणजे तेल व रंग यांचें प्रमाण सकाळचेंच राहील याची खात्री नाहीं. ठशांच्या छपाईंतही हेंच, फक्त पाण्याऐवजीं ठशाची झीज. मोठ्या सरकारी छापखान्यांत याला कांहीं तरी धरबंध असे. संस्थानी कारखान्यांत लहान तावावर थोडकी छपाई होत असतां तो कोठून येणार?

छापल्यानंतर काय होतें तें तर याहून मोठें प्रकरण आहे. त्या काळची हिरवी शाई पुष्कळदां निळा व पिवळा रंग एकत्र घोटून करीत. निळा जर प्रशियन निळा असेल तर तो सोड्याच्या किंवा चुन्याच्या पाण्यांत टिकत नाहीं, तपकिरी पडतो. पिवळा जर क्रोमचा असेल तर गंधकाच्या वाफेनें काळवंडतो. म्हणजे एकच हिरवें तिकीट एका घरीं मातकट, दुसऱ्या घरीं गडद होऊं शकतें, आणि दोन्ही घरें आपापल्या परीनें खरीं असतात. डांबरापासून काढलेल्या गुलाबी रंगांपैकीं पुष्कळ पाण्यांत फुटतात व उन्हांत उडतात. पोथ्यांच्या वाचकांस हा अनुभव आहेच. पुष्पिकेचा हिंगूळ उजेडांत काळा पडलेला आपण पाहतों. तो काळा आहे म्हणून ती पुष्पिका निराळ्या हातची असें कोणी म्हणत नाहीं. चुकलेल्या अक्षरावर फासलेला हरताळ कोठें लख्ख पिवळा असतो, कोठें उडून गेलेला असतो. त्यावरून शोधन केव्हां झालें तें ठरत नाहीं.

मग ठरतें कशावरून? पोथीच्या बाबतींत याचें उत्तर आमच्या पिढीनें भांडारकर संस्थेच्या महाभारतावरून शिकून घेतलें. विष्णु सीताराम सुखटणकरांनीं आदिपर्वाच्या पोथ्या मोजल्या नाहींत, त्यांचीं कुळें लाविलीं. दोन पोथ्यांत एकच ओळ एकाच ठिकाणीं गळलेली असेल तर त्यांचें नातें सिद्ध होतें. दोन्हींचा पाठ शुद्ध असल्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. दोष हा खरा साक्षीदार. तिकिटांतही हाच न्याय लागू आहे. शिळेवर चित्र उतरवितांना एखाद्या घरांत रेषा तुटली, तर त्या शिळेवरून निघालेल्या प्रत्येक तावावर त्याच घरांत ती तुटलेली दिसते. ठशाच्या कोपऱ्याचा टवका उडाला, तर त्यानंतरच्या सर्व प्रतींत तो उडालेला असतो, व त्यापूर्वींच्या एकाही प्रतींत नसतो. हा दोष उन्हानें येत नाहीं आणि धुतल्यानें जात नाहीं. म्हणून आमचा क्रम असा : आधीं ठसा व त्याचे दोष, मग मांडणी, मग कागद, आणि हे तिघे एकमत झाल्यावर चौथा रंग. पहिल्या तिघांनीं साक्ष दिली नसेल तर एकट्या रंगाच्या साक्षीवर निकाल देऊं नये.

हा नियम आम्हीं पुस्तकांतून उचललेला नाहीं. तो आम्हांस महाग पडला. नागपूरचे तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत वारले, पुढल्या मार्चांत राज्य खालसा झालें, आणि त्याच १८५४ सालच्या १ ऑक्टोबरापासून सर्व हिंदुस्थानांत टपालतिकिटें चालू झालीं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास, तें कितीही दूर जावो, अर्धा आणा. तीं तिकिटें कलकत्त्यास सर्व्हेयर जनरलच्या कचेरींत कॅप्टन थुईलियर यांच्या देखरेखीखालीं शिळेवर छापलीं गेलीं. अर्ध्या आण्याचें तिकीट प्रथम हिंगुळी रंगांत काढिलें होतें. विलायती हिंगूळ संपला, देशी हिंगुळानें दगडावरील चित्र बिघडूं लागलें, आणि तो बेत सोडून निळा रंग घेतला गेला. या निळ्या तिकिटाचे तीन ठसे आहेत. पहिल्या ठशाच्या सुमारें तीन कोटी प्रती १८५४ सालीं निघाल्या. तिसरा ठसा १८५५ सालचा, त्याची छपाई पुष्कळच थोडी. पहिल्यांतही फिकट निळ्यापासून गडदापर्यंत सर्व छटा आहेत, आणि तिसऱ्यांतही आहेत.

हें ज्ञान आम्हांस नव्हतें त्या वेळची गोष्ट. तिरोड्याकडील एका कुटुंबानें आम्हांस नागपुराहून आलेलें एक मोडी पत्र दाखविलें. वर गडद निळें तिकीट होतें. रंग पाहून आम्हीं सांगितलें कीं हें पहिल्या शिळेचें, अगदीं आरंभींचें असावें. पत्र घरगुती होतें, लग्नाच्या आहेराचें. तें आम्हीं नीट उतरूनही घेतलें नाहीं. आमच्या शब्दावर विसंबून त्या मंडळींनीं तिकीट पाण्यांत सोडविलें व विकलें, आणि पत्र रद्दींत गेलें. पुढें दोन वर्षांनीं एका संग्राहक मित्राकडे तेंच तिकीट पाहण्यांत आलें. एका कोपऱ्यांतील डागावरून आम्हीं तें ओळखिलें. त्यांनीं भिंगाखालीं दाखविलें कीं तो तिसरा ठसा आहे. तिसऱ्या ठशाचीं तिकिटें या मुलुखांत केव्हां येऊन पोंचलीं, हें त्या पत्राच्या मितीवरून कळलें असतें. तिकीट आजही आहे, मिती गेली. विकत घेणाऱ्यानें फसविलें नाहीं, विकणाऱ्यानें फसविलें नाहीं; रंगावरून बोलणारे आम्ही होतों.

म्हणून आमगांवची वही घरीं आणून आम्हीं प्रथम पेन्सिलीच्या टिपा कागदानें झांकून टाकल्या. सकाळीं दहाच्या सुमारास उत्तरेकडील खिडकींत, प्रत्यक्ष ऊन न येऊं देतां, साध्या पांढऱ्या कागदाची चौकट ठेवून एकेक तिकीट पाहिलें. दिव्याच्या उजेडांत हिरव्याचा निर्णय करूं नये. विजेची नळी हिरव्यास निळ्याकडे ढकलते, व पिवळा दिवा त्याचे उलट. शेजारचा कागद रंगीत असेल तर डोळा फसतो, यासाठीं चौकट. मग भिंग घेऊन कडा पाहिल्या, आणि कडांनींच बोलावयास आरंभ केला.

"पहिली छपाई" म्हणून लिहिलेल्या तीन गडद तिकिटांपैकीं दोहोंच्या खालच्या कडेस नागमोडी रेषेचा शेंडा राहिलेला होता. म्हणजे तीं जवळच्या मांडणींतलीं, मागाहूनचीं. तिसऱ्याच्या चारी कडा चित्राच्या रेषेपर्यंत कापून काढलेल्या. "तिसरी छपाई" म्हणून लिहिलेल्या दोहोंपैकीं एकास डावीकडे भरपूर कोरा समास होता, व त्यांत रेषेची खूणही नव्हती; हें दूरच्या मांडणींतलें, म्हणजे आधींचें. तें मूळचेंच मंद हिरवें आहे. दुसरें तितकेंच फिकें, पण त्याच्या उजव्या कडेस नागमोडी रेषा स्पष्ट. तें पानाच्या बाहेरच्या कोपऱ्यांत असल्यानें त्याचा अर्धा भाग उन्हानें उडालेला, आणि खळीच्या ठिपक्याखालीं जो भाग झांकला गेला होता तो अजून गडद. पेन्सिलीचा क्रम असा उलटा निघाला. "दुसरी छपाई" म्हटलेलीं उरलेलीं दोन्ही तिकिटें अगदीं रेषेपर्यंत कापलेलीं होतीं. त्यांविषयीं, व तिसऱ्या गडद तिकिटाविषयीं, आम्हीं निर्णय दिला नाहीं.

येथें कात्रीविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. दांते नसलेल्या तिकिटाचा समास ही त्याची पुष्पिका आहे. सुबक दिसावें म्हणून तो छाटणारे लोक आपण काय छाटतों हें जाणत नाहींत. आणि ज्यांस तें कळतें त्यांपैकीं कांहीं नेमकें त्यासाठींच छाटतात, कारण नागमोडी रेषा गेली कीं तिकीट "जुनें" म्हणून खपवितां येतें.

शिक्क्याचा प्रश्न यापेक्षां नाजूक आहे. एम्. बी. डी. हा शिक्का संस्थानच्या सरकारी पत्रव्यवहाराच्या तिकिटांवर मारीत, म्हणून शिक्क्याचें तिकीट तें सरकारी तिकीट असें सामान्यतः समजतात. तथापि संस्थानचें टपाल बंद झाल्यावरही छपाई झाली, व ती शिक्का मारून केवळ संग्राहकांस विकण्याकरितां बाहेर पडली. त्या काळीं युरोपांत व इकडेही हिंदी संस्थानांच्या तिकिटांना मागणी फार होती, आणि लहान संस्थानांना तेवढ्यापुरतें उत्पन्न नकोसें नव्हतें. यावरून कित्येक संग्राहक नांदगांवचें सगळेंच प्रकरण बनावट म्हणून बाजूस सारतात. आम्हांस हें मान्य नाहीं. बनावट तिकीट एक, आणि अस्सल ठशावरून मागाहून घेतलेली छाप दुसरी. एखाद्या मठांतल्या पोथीची नकल त्याच मठानें पन्नास वर्षांनीं आश्रयदात्यास विकली, तर ती नकल खोटी ठरत नाहीं. ती मूळ पोथीच्या काळची म्हणून सांगितली तर मात्र सांगणारा खोटा ठरतो. टपाल बंद झाल्यावर विकण्यासाठीं छापलेलें तिकीट टपालाच्या इतिहासास उपयोगी नसेल, पण संस्थानच्या छापखान्याच्या व तिजोरीच्या इतिहासास तें उपयोगी आहे. वहींतील दोन्ही गुलाबी तिकिटें या वर्गांत पडावींत असें आमचें मत आहे : दोन्ही एक आण्याचीं, दोन्ही शिक्क्याचीं, दोन्ही कोरीं, टपालाची एकही खूण नसलेलीं. त्यांतील एकाचा कागद उजेडासमोर धरतां वीण दाखवितो. हिरव्यांपैकीं शिक्क्याचीं तीन. त्यांत दूरच्या मांडणीचें एकही नाहीं.

वापरलेलें तिकीट पत्रासकट मिळणें ही नांदगांवच्या बाबतींत दुर्मिळ गोष्ट आहे. पहिल्या निळ्या-गुलाबी छपाईच्या जीं थोडीं पाकिटें उपलब्ध आहेत त्यांवरील तिकिटें हातानें लेखणीची रेघ मारून रद्द केलेलीं असून तीवर मिती नाहीं. तेव्हां अशा पाकिटाचा काळ आंतील पत्रावरूनच काढावा लागतो. पत्र टाकून पाकीट ठेविलें, किंवा पाकीट टाकून तिकीट ठेविलें, म्हणजे काळ गेला. देवरी, सालेकसा व आमगांव या तालुक्यांतील ज्या घराण्यांचा नांदगांवाशीं देणेंघेणें किंवा सोयरिकीचा संबंध होता त्यांच्या दप्तरांत असें पत्र निघण्याचा संभव आहे. ज्या वाचकांस तें दिसेल त्यांनीं तें पाण्याजवळ नेऊं नये व मित्याशयासह आम्हांस कळवावें, ही विनंति.

माघ शुद्ध पंचमीस वही परत केली. यजमानांस सांगितलें कीं पहिल्या छपाईचीं म्हणून कापून देण्याजोगीं तिकिटें हीं नव्हत. सर्वांत फिकें तेवढें एक आधींच्या मांडणीचें आहे, व तें सुटें करण्यापेक्षां पानासकट राहूं देणें बरें, कारण शेजारच्या उडालेल्या तिकिटाशीं ताडून पाहिल्यावांचून त्याचा फिकेपणा मूळचा आहे हें कोणास पटणार नाहीं. त्यांनीं थोडा वेळ छपराकडे पाहिलें आणि वही रुमालांत बांधली. पेन्सिलीच्या जुन्या टिपा आम्हीं खोडल्या नाहींत. त्यांच्याखालीं आमचें मत निराळ्या हातानें, मिती घालून लिहिलें आहे, व ज्या तीन तिकिटांचा निर्णय झाला नाहीं त्यांच्याखालीं जागा कोरी ठेविली आहे.